भेटीचे तास काढून घेऊ नका : कुलगुरू, विद्या परिषद आणि प्राध्यापकांना खुले पत्र

मा. कुलगुरू, विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य आणि समस्त प्राध्यापकवर्ग यांस,

सविनय नमस्कार.

पुढच्या सत्रापासून प्राध्यापकांच्या कार्यभारातून आठवड्याचे भेटीचे तास, म्हणजे विद्यार्थ्यांना प्राध्यापकांना येऊन भेटता यावं म्हणून राखलेले तास, वगळण्यात येत असल्याचं परिपत्रक नुकतंच आमच्या विभागात आलं. आवक नोंदवहीत त्याची नोंद मी केली आणि सूचनाफलकावर प्रतही मीच लावली. समुपदेशन कक्ष सुरू झाला आहे, विद्यार्थ्यांना अडचणी ऑनलाइन अर्जातून कळवता येतात, त्यामुळे प्राध्यापकांनी त्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवण्याची आवश्यकता उरलेली नाही, असं कारण त्यात दिलं आहे. हे कारण मला पटलेलं नाही. नोकरीतल्या माणसाने अशा वेळी विभागप्रमुखांमार्फत निवेदन द्यायचं असतं, ते मी दिलं आहे. पण हा प्रश्न एकाच विद्यापीठाचा नाही. ज्यांची मुलं कुठल्याही विद्यापीठात शिकत आहेत त्या सगळ्यांपर्यंत तो जावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मी प्राध्यापक नाही. विभागाच्या कार्यालयात काम करते. नव्या विद्यार्थ्यांची कागदपत्रं माझ्या टेबलावर येतात, तसे शिक्षण अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे अर्जही येतात. प्रवेश रद्द करण्याचा हा अर्ज एका पानाचा असतो. नाव, वर्ग, कारण आणि खाली सह्यांचे चौकोन: ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, लेखा विभाग, विभागप्रमुख. या विद्यार्थ्याकडे आमचं काही येणं नाही, एवढं प्रत्येकाने लिहून द्यायचं. ग्रंथालयाचं एक पुस्तक परत आलं नसेल तर अर्ज तिथेच अडतो. मग चौकशी होते, फोन होतात, दंड भरला जातो. पण ही मुलगी का चालली आहे, हे विचारण्यासाठी एकही चौकोन नाही. कारणाच्या रकान्यात बहुतेक जण 'वैयक्तिक' लिहितात. जिला ज्यांनी सत्रभर शिकवलं त्यांच्यापैकी एकाशीही न बोलता तिचा अर्ज पूर्ण होतो. त्यावर शिक्का मी मारते. माझा या विषयाशी संबंध आहे तो एवढा, आणि तो मला कमी वाटत नाही.

माझी पहिली तक्रार वेळेबद्दल आहे, कारण बाकीचं सगळं तिथून सुरू होतं.

कार्यभाराच्या तक्त्यात तासिका मोजल्या जातात, प्रात्यक्षिकं मोजली जातात. बढतीच्या अर्जात शोधनिबंध मोजले जातात. वर्ग संपल्यावर विद्यार्थ्याजवळ बसून त्याचं ऐकून घेतलेला अर्धा तास कुठेच मोजला जात नाही. तरीही काही शिक्षक तो देतात. आमच्याकडेही असे मोजके आहेत. मधल्या सुट्टीत त्यांच्या दाराशी मुलं उभी असतात, शेजारच्या खोल्यांसमोर नसतात. या मोजक्यांमध्ये स्त्रिया जास्त आहेत, आणि नुकतेच रुजू झालेले किंवा कंत्राटी शिक्षक जास्त आहेत. हे फक्त आमच्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या कामाचा 2017 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की संस्थेच्या आतली, शिकवणं आणि संशोधन सोडून करावी लागणारी सेवेची कामं स्त्री प्राध्यापकांकडे पुरुषांपेक्षा अधिक जातात. म्हणजे ज्यांची नोकरी आधीच कच्ची किंवा ज्यांच्यावर भार आधीच जास्त, त्यांच्याच भलेपणावर आपण विद्यार्थ्यांना सोडून दिलं आहे. भेटीचे तास होते तेव्हा निदान कागदावर तरी सगळ्यांनी दार उघडं ठेवायचं बंधन होतं. आता तेही जाणार.

परिपत्रकातला दुसरा मुद्दा समुपदेशन कक्षाचा. तो कक्ष हवा होता, तो सुरू झाला याचा मला मनापासून आनंद आहे आणि त्यावर होणारा खर्च कमी करू नये. पण समुपदेशकाचं काम वेगळं, शिक्षकाचं वेगळं. गणितातल्या एखाद्या सिद्धतेच्या तिसऱ्या ओळीत विद्यार्थी अडकला आहे आणि त्यामुळे त्याला आपण या विषयाच्या लायकीचेच नाही असं वाटू लागलं आहे, तर ती तिसरी ओळ समुपदेशक सोडवू शकत नाही. 'इथे सगळेच अडकतात, मीही अडकलो होतो, पुढे असं जायचं' हे वाक्य त्या विषयाच्या शिक्षकाच्याच तोंडून ऐकावं लागतं. पुढच्या शिक्षणासाठी कुठे अर्ज करावा, कोणता वैकल्पिक विषय घेतला तर कोणती वाट बंद होते, शिफारसपत्र कुणाकडे आणि किती आधी मागायचं, हे घरात आधी कुणी विद्यापीठात गेलं असेल तर जेवता जेवता कळतं. ज्यांच्या घरात ते कुणाला ठाऊक नाही, त्यांनी कुणाला विचारायचं?

उलट बाजूने हेही खरं, की शिक्षक समुपदेशक नव्हेत. झोप उडालेली, जगण्यात रस न उरलेली मुलगी समोर बसली असेल तर तिच्यावर उपचार करायला शिक्षकाने जाऊ नये. तिला 'कक्षात जाऊन ये' एवढं सांगून मोकळंही होऊ नये. तिच्यासमोर फोन लावावा, वेळ ठरवून द्यावी, तिची तयारी असेल तर दारापर्यंत सोबत जावं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावं. आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. शांतपणे, स्पष्ट विचारल्याने धोका वाढत नाही, बोलायला वाट मिळते. हे शिक्षकांना कुणीतरी शिकवायला हवं. रुजू होताना त्यांना हजेरीची संगणक प्रणाली शिकवली जाते, हे शिकवलं जात नाही.

ऑनलाइन अर्जाविषयीही सांगायचं आहे. गैरहजेरीच्या सूचना आमच्याकडे आपोआप निघतात. एका विद्यार्थ्याला सकाळच्या प्रात्यक्षिकाच्या गैरहजेरीबद्दल अशा सूचना एकामागून एक गेल्या होत्या. त्याने उत्तर दिलं नाही, अर्जही भरला नाही. पुढची पायरी परीक्षेला बसू न देण्याची होती. आमच्या एका शिक्षिका पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका वर्गात गठ्ठ्याने वाटत नाहीत. खोलीबाहेर दोन खुर्च्या मांडतात आणि एकेकाला बोलावून हातात देतात. याची पाळी आली तेव्हा त्यांनी गुणांविषयी बोलण्याआधी विचारलं, "सकाळी यायला काय अडतं रे?" तो रात्रपाळीत काम करत होता. सुटून तिथून निघेपर्यंत प्रात्यक्षिक सुरू झालेलं असायचं. बाईंनी त्याची तुकडी बदलून दुपारची करावी म्हणून कार्यालयाला चार ओळींची टीप दिली. ती मी टाइप केली, विभागप्रमुखांची सही झाली आणि प्रश्न मिटला. तो तुकडी बदलून मागू शकत होता, नियमात तशी सोय होती. पण अशी सोय असते हे त्याला माहीत नव्हतं, आणि जे असतं हेच माहीत नाही ते ऑनलाइन अर्जात कुठून मागणार?

म्हणून तिसरी तक्रार मी प्राध्यापकांकडेच करते, आणि आदर राखून करते. 'माझं दार सगळ्यांना उघडं आहे, मुलंच येत नाहीत' असं आपल्यापैकी अनेक जण म्हणतात. ते प्रामाणिकपणे म्हणतात, हे मला माहीत आहे. पण त्या दाराबाहेर काय चालतं ते मला माझ्या टेबलावरून दिसतं. मुलगा येतो, पाटीवरचं नाव आणि वेळ वाचतो, आत कुणाचा तरी आवाज ऐकू येतो, थोडा वेळ घुटमळतो आणि जिन्याकडे वळतो. कधी माझ्याकडे येऊन हळूच विचारतो, "सरांकडे काही काम नसताना गेलं तर चालतं का?" भेटीची वेळ तक्रार करायला असते, किंवा नापास झालेल्यांसाठी असते, असा समज घेऊन आलेली मुलं फार आहेत. जे बिनधास्त आत जातात त्यांना घरून, शाळेतून ती सवय असते. त्यांना मदत मिळते, मिळायलाच हवी. पण ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो बहुधा जिन्यावरून परत गेलेला असतो.

आणि जे धीर करून विचारतात, त्यांनाही सारखं उत्तर मिळतं का? अमेरिकेतल्या काही संशोधकांनी 259 विद्यापीठांतल्या साडेसहा हजारांहून अधिक प्राध्यापकांना ईमेल पाठवले. पीएच.डी. करू इच्छिणारा एक विद्यार्थी भेटीसाठी दहा मिनिटं मागतो आहे, असा मजकूर. मजकूर सगळीकडे एकच, फक्त खाली नाव वेगळं. नावावरून गोरा पुरुष वाटणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ईमेलना स्त्रिया आणि इतर वंशांच्या नावांपेक्षा जास्त उत्तरं मिळाली. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर न देणाऱ्यांपैकी कितीजणांनी जाणूनबुजून भेद केला असेल? फार थोड्यांनी, असं मला वाटतं. कुणाला वेळ द्यायचा हे त्या त्या क्षणाच्या मनावर सोडलं की मन ओळखीच्या वाटणाऱ्या माणसाकडे झुकतं. भेद नाव, वंश, लिंग यांचा असो नाहीतर भाषेचा, कपड्यांचा, बोलण्यातल्या आत्मविश्वासाचा असो, तो टाळण्याचा साधा उपाय एकच मला दिसतो: प्रत्येकाला बोलवायचं. आपणहून, यादीने, नावानिशी. सत्राच्या सुरुवातीलाच, कुणाचं काही बिघडायच्या आधी. सगळ्यांनाच बोलावलं की बोलावणं ही कुणालाच शिक्षा वाटत नाही.

याने काय साधतं, असं विद्या परिषदेत विचारलं जाईल. विभागात येणारे अहवाल मी नोंदवते आणि वेळ मिळेल तसे वाचतेही. गॅलप ही जनमत पाहणी करणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या तीस हजारांहून अधिक पदवीधरांची पाहणी प्रसिद्ध केली. शिकण्याची गोडी लावणारा निदान एक प्राध्यापक भेटला, असं 63 टक्क्यांनी सांगितलं. प्राध्यापकांना माणूस म्हणून आपली काळजी होती, असं 27 टक्क्यांना वाटलं. आपल्या ध्येयांसाठी प्रोत्साहन देणारा मार्गदर्शक मिळाला, असं म्हणणारे 22 टक्के होते. तिन्ही गोष्टी लाभलेले फक्त 14 टक्के. आणि ज्यांना त्या लाभल्या ते पुढे आपल्या कामात रमलेले असण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक आढळली. एकामुळेच दुसरं घडलं असं अशा पाहणीवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे मान्य. पण मला त्यातल्या पहिल्या दोन आकड्यांमधला फरक जास्त बोलका वाटतो. उत्तम शिकवणारे बहुतेकांना भेटतात. आपली दखल घेणारे फार थोड्यांना भेटतात. वर्गातलं शिकवणं सुधारण्यासाठी आपण कार्यशाळा घेतो, पुरस्कार देतो, दुसऱ्या गोष्टीसाठी होता तोही वेळ काढून घेतो. आर्थर चिकरिंग आणि झेल्डा गॅमसन या अमेरिकी शिक्षण अभ्यासकांनी 1987 साली पदवी शिक्षणाची सात तत्त्वं मांडली तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी यांचा वर्गातला आणि वर्गाबाहेरचा संपर्क हे पहिलं तत्त्व म्हणून सांगितलं होतं. ही काही आजची नवी टूम नव्हे.

चौथी तक्रार लहान वाटेल. तपासलेल्या निबंधांवर आणि प्रकल्पांवर शेरे नसतात, असले तर 'असमाधानकारक' एवढा एक शब्द. ते गठ्ठे माझ्या कपाटात असतात म्हणून सांगते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2014 मधला एक प्रयोग आहे, तिथल्या सातवीतल्या मुलांवर केलेला. निबंधावरच्या शेऱ्यांसोबत काहींना एक चिठ्ठी मिळाली: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करू शकशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे देतो आहे, अशा अर्थाची. बाकीच्यांच्या चिठ्ठीत साधा मजकूर होता. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 17 टक्क्यांनी निबंध सुधारून पुन्हा दिला, आणि विश्वास दाखवणारी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी 72 टक्क्यांनी. विद्यापीठात आकडे वेगळे येतील. तरीही, खोटी स्तुती न करता, गुण न वाढवता, एका वाक्याने एवढा फरक पडू शकत असेल तर ते वाक्य लिहिण्याएवढा वेळ शिक्षकाजवळ असला पाहिजे. ते मनापासूनचं असलं पाहिजे, आणि त्यासाठी तो निबंध कुणाचा आहे हे माहीत असलं पाहिजे.

संशोधक विद्यार्थ्यांची गोष्ट याहून अवघड आहे, आणि इथे मला जास्त स्पष्ट बोलायचं आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला एक शिक्षक नाही आवडला तर दुसरे असतात. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं सगळंच एका गाइडच्या हाती असतं: प्रगती अहवालावरची सही, शिष्यवृत्तीची शिफारस, प्रबंध सादर करण्याची परवानगी, पुढच्या नोकरीचं पत्र. 26 देशांतल्या 2,279 पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थ्यांची एक पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 41 टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं आढळली, 39 टक्क्यांमध्ये नैराश्याची. ज्यांना हा त्रास होता त्यांच्यात आपल्या मार्गदर्शकाकडून खरं मार्गदर्शन मिळतं असं मानणाऱ्यांपेक्षा न मानणारे जास्त होते. अहवालावर सही घ्यायला महिना महिना खेटे घालणारे संशोधक मी पाहते. गाइडची खाजगी कामं करणारेही पाहते. ते कधी तक्रार करत नाहीत, कारण तक्रार ज्यांच्याकडे करायची त्यांच्यामार्फतच ती पुढे जाते. मार्गदर्शन म्हणजे शिष्याने गुरूची सेवा करणं, ही समजूत विद्यापीठाने नियम करून मोडली पाहिजे. वर्गाबाहेरचं नातं हवं असं म्हणताना त्या नात्याची मर्यादाही मला तितकीच महत्त्वाची वाटते. भेट विद्यापीठाच्या आवारात, कामाच्या वेळेत. मध्यरात्रीचे मेसेज नकोत. विश्वासाने सांगितलेली गोष्ट स्टाफरूममध्ये फिरता कामा नये. आणि जीवाला धोका असेल तर ती गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही, हे विद्यार्थ्याला आधीच सांगितलेलं असावं.

संशोधनाचं दार पदवीच्या मुलांनाही लवकर उघडता येतं, हेही सांगून ठेवते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात मार्गारेट मॅकव्हिकर या प्राध्यापिकेने 1969 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सामील करून घेणारा उपक्रम सुरू केला, तो आजही चालू आहे. मुलं उपकरणं धुतात, आकडे तपासतात, गटाच्या बैठकीत बसतात, आणि मोठ्या संशोधकाचाही प्रयोग फसतो हे डोळ्यांनी पाहतात. प्रत्येक विद्यापीठाकडे एमआयटीचा पैसा नसतो, पण बैठकीत एक खुर्ची जास्त ठेवायला पैसा लागत नाही.

आता मागण्या. त्या मी शक्य तितक्या नेमक्या लिहिते.

1. परिपत्रकातलं भेटीचे तास वगळणारं कलम मागे घ्यावं. आठवड्याला किमान दोन तास कार्यभारात धरावेत आणि ते कंत्राटी शिक्षकांच्या मानधनातही धरावेत. त्यांच्याकडून हे काम फुकट घेऊ नये.

2. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक शिक्षक नेमून द्यावा. एका शिक्षकाकडे वीसपेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत. पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येकाशी एकदा पंधरा मिनिटं समोरासमोर बोलणं व्हावं, आणि बोलावणं शिक्षकाकडून जावं.

3. बढती आणि वार्षिक मूल्यमापनात या कामाला गुण असावेत. हे गुण भरलेल्या फॉर्मांच्या संख्येवर देऊ नयेत. विद्यार्थ्यांना त्यांचं नाव न घेता विचारावं, कुणाचा आधार झाला हे ते सांगतील.

4. शिक्षकांना रुजू होताना आणि नंतरही ठरावीक काळाने प्रशिक्षण द्यावं: ऐकून कसं घ्यायचं, धोक्याची लक्षणं कशी ओळखायची, समुपदेशकाकडे कसं सोपवायचं, आपली मर्यादा कुठे येते.

5. गाइड बदलण्याची मुभा प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला असावी, आणि तो अर्ज त्या गाइडच्या हातून न जाता थेट अधिष्ठात्यांकडे जावा. सादर केलेल्या अहवालावर किती दिवसांत सही करायची याची मुदत ठरवावी.

6. प्रवेश रद्द करण्याच्या अर्जावर एक चौकोन वाढवावा: विद्यार्थ्याला शिकवणाऱ्या एका शिक्षकाने त्याच्याशी बोलल्याची नोंद. अडवण्यासाठी नव्हे. ज्याला जायचंच आहे त्याला जाऊ द्यावं, त्याचं कारणही खाजगी राहू द्यावं. पण तुकडी बदलून, शुल्काचे हप्ते पाडून, एक सत्र विश्रांती देऊन ज्याचं शिक्षण वाचू शकतं, त्याला तशी सोय आहे हे शिक्का पडण्याआधी कळायला हवं.

प्राध्यापकांना वेगळी एक विनंती. हे सगळं मंजूर होईपर्यंत थांबू नका. या आठवड्यात हजेरीपट काढा. ज्या नावासमोर चेहरा आठवत नाही अशी नावं शोधा, आणि त्यातल्या एकाला तास संपल्यावर थांबवून विचारा, "कसं चाललंय?" उत्तर "बरं चाललंय" असंच येईल. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. माझ्या कार्यालयाकडून काही हवं असेल, तुकडी बदलायची असेल, मुदतवाढीचा अर्ज हवा असेल, शिष्यवृत्तीची कागदपत्रं अडली असतील, तर चार ओळींची टीप पाठवा. ते काम त्याच दिवशी हातावेगळं करण्याची जबाबदारी माझी.

कुलगुरू महोदय, परिपत्रक पुढच्या सत्राच्या पहिल्या दिवसापासून लागू होणार आहे. त्याआधी विद्या परिषदेची एक बैठक आहे. या सहा मागण्या त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, चर्चेला विद्यार्थी प्रतिनिधी आणि कंत्राटी शिक्षकांनाही बोलवावं, आणि जो निर्णय होईल तो कारणांसह लेखी जाहीर करावा, ही विनंती. कुठलीही मागणी फेटाळली गेली तर का फेटाळली, तेही लिहावं. ते उत्तर मी आवक नोंदवहीत नोंदवीन आणि परिपत्रकाशेजारी सूचनाफलकावर लावीन.

आपली नम्र,
विभागीय कार्यालयातील एक कर्मचारी